हालचालीवर पोसली जाणारी कूर्चा

तमिळनाडूत कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात. पाणी कल्लणै बंधाऱ्यापाशी पोहोचते, तिथून कालव्यांत वाटले जाते आणि तंजावर व कुंभकोणम यांच्यामधल्या पापनाशम तालुक्यात कुरुवै भाताच्या लावणीची गडबड उडते. बायकांच्या रांगा शेतात उतरतात. वाफ्यातली रोपे उपटायची, मुठी बांधायच्या, कमरेत वाकून रोवत मागे सरकायचे आणि दर पावलाला रुतलेला पाय चिखलातून उपसून काढायचा. कोकणात किंवा भंडारा-गोंदियात लावणी केलेल्या कोणालाही हे काम ओळखीचे वाटेल. पन्नाशीनंतरची तक्रारही तितकीच ओळखीची आहे: खाली बसले की उठवत नाही, उठले की पहिली चार पावले टाकवत नाहीत, जिना उतरताना गुडघा कळवळतो.

महाराष्ट्रात या तक्रारीची शिस्तशीर मोजदाद झाली ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने तिथे घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रौढांपैकी ५.८ टक्के लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांधे झिजण्याचा आजार, होता, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, ०.५ टक्के लोकांना. ज्याची धास्ती जास्त त्या आमवातापेक्षा दहापटीहून अधिक माणसे ऑस्टिओआर्थ्रायटिसने बेजार होती, आणि त्यातली बहुतेक ते वयाच्या नावावर टाकून गप्प बसतात.

हे दुखणे समजून घ्यायचे तर हाडांच्या टोकांवर असलेल्या, अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या कूर्चेकडे, म्हणजे कार्टिलेजकडे, बघावे लागते. शरीरातल्या बहुतेक उती रक्तावर जगतात. प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत मात्र रक्तवाहिनी नाही, चेतातंतू नाही, लसिकावाहिनीही नाही. तिचे पोषण होते ते सांध्याच्या हालचालीतून.

कूर्चा हाडापेक्षा वेगळी आहे, हे भारतीय वैद्यकाने फार पूर्वी हेरले होते. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक ‘तरुण’ अस्थींचा, आणि त्यांची जागा सांगितली आहे नाक, कान, मान आणि नेत्रकोश. युरोपात विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यातल्या कूर्चेवर निबंध मांडला आणि ती एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, हे नोंदवले. हंटरचे ते निरीक्षण आजही बव्हंशी खरे आहे.

कूर्चेचे तीन प्रकार आहेत. पहिली लवचीक कूर्चा. कान वाकवून सोडला की तो पुन्हा जागेवर येतो, कारण त्याच्या कूर्चेत इलॅस्टिन या प्रथिनाचे धागे असतात. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकणारी एपिग्लॉटिस नावाची झडपही याच कूर्चेची. दुसरी तंतुमय कूर्चा. मणक्यांमधल्या चकतीचे बाहेरचे कडे आणि गुडघ्यातल्या मेनिस्कस नावाच्या दोन चंद्रकोरी तिच्या बनलेल्या असतात. ओढ आणि दाब दोन्ही सोसणारी ही राकट कूर्चा. तिसरी काचाभ कूर्चा, निळसर पांढरी, गुळगुळीत. नाकाचा पडदा, श्वासनलिकेची कडी, फासळ्यांची पुढची टोके आणि चलनशील सांध्यांतली हाडांची टोके यांच्या ठिकाणी तीच असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती शरीरातली सर्वांत जाड, काही ठिकाणी पाच-सहा मिलिमीटर असते.

या काचाभ कूर्चेच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी असतो. उरलेल्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: कोलॅजनच्या धाग्यांची घट्ट जाळी आणि त्या जाळीत अडकलेले ॲग्रीकॅन नावाचे मोठे रेणू. ॲग्रीकॅनवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाणी खेचून घेतात. सब्जाचे बी घट्ट मलमलीत बांधून पाण्यात टाकले तर ते फुगू पाहते आणि कापड त्याला आवरून धरते. तसाच ताण कूर्चेत कायम असतो. पाऊल टेकले की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि भार बहुतांशी तोच पेलतो. भार हलका झाला की दबलेली कूर्चा सांध्यातला द्रव पुन्हा शोषून घेते. त्या द्रवाबरोबर प्राणवायू आणि पोषक द्रव्ये पेशींपर्यंत जातात, टाकाऊ द्रव्ये बाहेर पडतात. चालणे म्हणजे कूर्चेचे जेवण आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यातली कूर्चा काही महिन्यांतच पातळ होऊ लागते, हे एमआरआय तपासण्यांतून दिसले आहे.

हा सगळा संसार सांभाळणाऱ्या पेशींची संख्या फार कमी. कूर्चेच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. ॲग्रीकॅन त्या नव्याने घडवत राहतात, पण कोलॅजनची जाळी जवळजवळ आयुष्यात एकदाच विणली जाते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ चे प्रमाण वाढले होते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचा माग काढत २०१६ मध्ये दाखवले की गुडघ्यातले कोलॅजन वाढीच्या वयानंतर जवळपास बदलतच नाही. साठीतल्या बाईचा गुडघा तिच्या शाळकरी वयात विणलेल्या जाळीवर चालत असतो.

त्या जाळीवर भार किती पडतो, ते गुडघा किती वाकला यावर ठरते. १९७२ मधल्या एका अभ्यासानुसार वाटीच्या सांध्यावरचा भार सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिना चढताना सव्वातीनपट आणि खोल बैठकीत साडेसातपट होतो. वाकलेल्या गुडघ्याचा हा प्रश्न नाचणाऱ्यांचाही आहे. पापनाशम तालुक्यातल्याच मेलट्टूरमध्ये नरसिंह जयंतीच्या सुमारास होणाऱ्या भागवत मेळ्यात मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींची तेलुगू नृत्यनाट्ये रात्र-रात्र रंगतात. अर्ध्या बैठकीतली अरमंडी ही या नृत्यपरंपरेची पायाभूत स्थिती. पावले बाहेर वळवायची ती खुब्यापासून. खुबा पुरेसा वळत नसताना गुडघ्यालाच पीळ दिला, तर मेनिस्कस आणि कूर्चा नको त्या दिशेने ताणली जाते. मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. आतला भाग फाटला तर सहसा जुळून येत नाही.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये नुसते घासले जाणे नसते. दुखापत, जादा भार किंवा वय यांमुळे बिथरलेल्या पेशी आपलीच घडण मोडणारी विकरे सोडू लागतात. आधी ॲग्रीकॅन तुटते, मग कोलॅजनची जाळी उसवते. गुळगुळीत पृष्ठभाग खरखरीत होतो, त्याला चिरा पडतात, सुटलेले कण सांध्याच्या अस्तराला चिडवतात. अस्तर सुजते आणि आणखी विकरे सोडते. खालचे हाड घट्ट होते, कडांना हाडाचे कोंब फुटतात, मांडीचे स्नायू दुबळे होतात. आजार कूर्चेपुरता न राहता सबंध सांध्याचा होतो.

कूर्चेला चेतातंतूच नसल्याने तिची हानी सुरुवातीला जाणवत नाही. वेदना येते ती हाडातून, अस्तरातून आणि भोवतालच्या आवरणातून. म्हणूनच एक्स-रेमध्ये सांधा बराच बिघडलेला असूनही एखादी आजी रोज देवळाला चालत जाते, आणि फोटोत फारसे काही नसताना दुसरी रात्रभर कण्हते. सांधा किती बिघडला हे ठरवणारी केलग्रेन आणि लॉरेन्स यांची ० ते ४ ही श्रेणी १९५७ पासून वापरात आहे. तिच्यात कळते ते एक्स-रेचे चित्र, वेदना नव्हे.

जमिनीवर बसण्याचा या आजाराशी संबंध बीजिंगमधल्या मोठ्या पाहणीत तपासला गेला. तिथल्या वयस्क स्त्रियांमध्ये गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस अमेरिकेतल्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळला, खुब्याचा मात्र कितीतरी कमी. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना धोका अधिक होता. भारतातही गुडघ्याचे रुग्ण खुब्याच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. मांडी घालून घटकाभर जेवायला बसणे वेगळे आणि दिवसाचे चार तास उकिडवे राहणे वेगळे. प्रश्न तासांचा आहे. त्यात पाळी गेल्यानंतरचे वय आणि वाढलेले वजन यांची भर पडते.

वजनाचा हिशेब दिलासा देणारा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीत दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन उतरवलेल्या स्त्रियांमध्ये त्रासदायक गुडघेदुखीच्या आजाराची शक्यता निम्म्यावर आली. गुडघेदुखीच्या रुग्णांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटत होता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका प्रयोगात, मेनिस्कसचा काही भाग काढलेल्या ४५ जणांपैकी ज्यांनी चार महिने देखरेखीखाली व्यायाम केला त्यांच्या कूर्चेची रासायनिक प्रत सुधारलेली दिसली. गुडघा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहण्याचा सल्ला म्हणूनच घातक आहे. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरणे, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे, सपाट रस्त्यावर चालणे, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरणे, भांडी-भाजी ओट्यावर करणे, शक्य तिथे कमोड वापरणे: हे उपाय स्वस्त आहेत आणि पहिल्या फळीचे आहेत. सूज-वेदनेवर लावायची मलमे मदत करतात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर घरोघरी पैसा जातो. अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

नवी कूर्चा रुजवण्याचे प्रयत्न चालू आहेत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. ती पद्धत तरुणांच्या मर्यादित जखमेसाठी आहे. सांधाभर पसरलेल्या आजाराला ती लागू पडत नाही. व्यायाम, वजन आणि औषधे यांनंतरही रात्रीची झोप आणि घरातले चालणे अशक्य झाले, की सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया उरते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आणला. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक ठिकाणी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करून चालवतात, आणि पुढचे काही आठवडे रोजचा व्यायाम कटाक्षाने करून घेतात.