सलाईनमधून अँटिबायोटिक आणि दुखणारी शीर

निपाणीहून उपचारासाठी कोल्हापूर किंवा बेळगावला जावे लागले की रुग्णाजवळ घरचे कोणीतरी बसतेच. त्यांनी एवढे जाणून घ्यावे.

व्हॅन्कोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लॉक्सासिलिन यांसारखी काही अँटिबायोटिक्स शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराला झोंबतात. मग सुईच्या जागी आग होते, लाली व सूज येते, शीर दोरीसारखी कडक हाताला लागते. याला डॉक्टर फ्लेबायटिस म्हणतात. औषध पुरेसे पातळ करून सावकाश दिले की हा त्रास कमी होतो. १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन द्यायला किमान १०० मिनिटे लागतात. त्यामुळे बाटली लवकर संपावी म्हणून नळीवरचे चाक आपण कधीही फिरवू नये.

‘औषध आहे, दुखणारच’ असे म्हणून रुग्णाने सोसत राहू नये. लगेच सिस्टरना सांगावे. त्या तपासून गरज असल्यास औषध थांबवतात, कॅन्युला काढून दुसऱ्या शिरेत बसवतात. शेकही त्यांना विचारूनच द्यावा, कारण औषध शिरेबाहेर झिरपले असेल तर गरम की थंड हे औषधावर ठरते.

कॅन्युला काढल्यावर एक-दोन दिवसांतही शीर सुजू शकते. घरी आल्यावर ताप आला, पू दिसला किंवा लाली वर चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.