दोन कारखान्यांचे एक रिव्हॉल्वर

स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स



गेल्या आठवड्यात या शहराबाहेरील एका लहानशा कार्यशाळेत, तेलाने काळवंडलेल्या फडक्यावर, एका वयोवृद्ध कारागिराने माझ्यापुढे जे रिव्हॉल्वर ठेवले, त्याच्या सांगाड्यावर एका कारखान्याचे नाव होते आणि नळीवर दुसऱ्याच कारखान्याचे. आणि ही दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या स्पर्धेची आहेत हे ठाऊक असल्यामुळे, ती एकाच हत्यारावर एकत्र नांदताना पाहून मी क्षणभर चकित झालो. सांगाडा, गोळ्यांचे चक्र आणि चाप स्मिथ अँड वेसनचे; नळी कोल्टच्या 'पायथन' या नामांकित रिव्हॉल्वरची. अशा संकराला येथील शौकीन लोक दोन्ही नावे जोडून 'स्मायथन' किंवा 'स्मोल्ट' म्हणतात, आणि रूगर या आणखी एका कारखान्याच्या सांगाड्यावर कोल्टची नळी बसविली की त्याचा होतो 'कूगर'.

आपल्याकडे निरनिराळ्या तुकड्यांचे हत्यार म्हटले की पोलिसांच्या पंचनाम्यातला गावठी कट्टा डोळ्यांपुढे येतो, म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे की ही वस्तू त्या जातीची नव्हे. हिचा जन्म पोलिसांच्याच नेमबाजीच्या स्पर्धांत झाला. अमेरिकेत 1962 पासून पोलिसांसाठी राष्ट्रीय पातळीवर अशा स्पर्धा भरू लागल्या. सात यार्डांपासून पन्नास यार्डांपर्यंतच्या अंतरावरून, ठराविक वेळात, कागदी आकृतीवर गोळ्या झाडावयाच्या असा त्यांचा क्रम. येथे एकेका गुणासाठी जीव टाकणाऱ्या नेमबाजांच्या ध्यानी आले की 1955 साली निघालेल्या पायथनची नळी अचूकपणात अद्वितीय आहे, आणि तिच्या तळाशी टोकापर्यंत गेलेल्या जाड पोलादामुळे हत्याराचे तोंड स्थिर राहते; परंतु कोल्टचा चाप ओढत आणताना शेवटच्या टप्प्यात जड होतो आणि नेमका तेथेच हात हलतो. स्मिथचा चाप मात्र अथपासून इतिपर्यंत सारख्याच भाराने येतो. तेव्हा 1970 च्या दशकात कारागिरांनी एकाचा चाप आणि दुसऱ्याची नळी यांचा विवाह लावून दिला.

विवाह म्हणणे सोपे. तो लावणे अत्यंत कष्टाचे. दोन्ही कारखान्यांच्या नळ्यांचे आटे निराळे, त्यामुळे ते नव्याने कापावे लागतात. कोल्टच्या नळीतील सर्पिल खाचा डावीकडे वळून 14 इंचांत एक फेरा पुरा करतात, स्मिथच्या उजवीकडे वळून पावणे 19 इंचांत. चक्रेही परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. स्मिथच्या मूळ रचनेत चक्राचा दांडा पुढच्या बाजूस नळीखालील खुंटीत अडकून स्थिर होतो. कोल्टच्या नळीला ती खुंटीच नाही, म्हणून तो आधार गमावल्यावर सांगाड्यातच एक बारीक गोलक आणि स्प्रिंग बसवून चक्राला नवा अडसर द्यावा लागतो. शेवटी नळीचे बूड आणि चक्राचे तोंड यांमध्ये इंचाच्या सहा सहस्रांशाच्या आसपास फट ठेवावयाची: ती कमी झाली तर काजळीने चक्र अडते, जास्त झाली तर वायू बाजूने निसटतो. त्या वृद्धाने पातळ पोलादी पट्टी त्या फटीत सरकवून मला दाखविली, आणि ती पट्टी माझ्या हाती देताना त्याच्या मुद्रेवर जे समाधान उमटले ते मी पूर्वी आपल्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या मागावर पाहिलेले होते.

करवती साडीचे काठ आणि अंग यांचा सांधा कसा पडतो हे मोहाडीच्या वाचकांना मी काय सांगावे! काठाचे सूत निराळे, अंगाचा कोसा निराळा, दोहोंचा ताण निराळा, आणि तरीही तीन धोट्यांनी विणकर ती दोन कापडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत अशी गुंतवितो की फाटले तर कापड फाटेल, सांधा सुटणार नाही. हा दृष्टान्त मी त्या कारागिराला सांगितला. त्याने तो दोनदा विचारून समजून घेतला, आणि मग कानस खाली ठेवून इतकेच विचारले, 'ताण निराळा असताना कडेला चुणी कशी पडत नाही?' मला उत्तर देता आले नाही. कोणी वडीलधाऱ्या कोष्ट्याने ते मला लिहून कळविल्यास मी ऋणी राहीन.

त्या कारागिराच्या हातची ही कानस मला विशेष महत्त्वाची वाटते, याचे कारण या खोऱ्याचा इतिहास. कनेक्टिकट नदीच्या काठी, भंडाऱ्याहून नागपूर जेवढे त्याहूनही कमी अंतरावर, वर स्प्रिंगफील्ड आणि खाली हार्टफर्ड: एक स्मिथ अँड वेसनचे जुने गाव, दुसरे कोल्टचे. त्यांच्याही आधी, 1794 पासून, स्प्रिंगफील्डमध्ये सरकारी शस्त्रशाळा होती. ती 1968 साली बंद झाली आणि आता तिचे संग्रहालय आहे. 1854 साली ब्रिटिश सरकारची एक समिती येथे आली. तिने 1844 ते 1853 या दहा वर्षांतील प्रत्येकी एक अशा दहा बंदुका उचलल्या, त्या सुट्या करविल्या, भागांची सरमिसळ केली, आणि एका कामगाराला त्यांतून बंदुका जुळवावयास सांगितले. त्याने केवळ पेचकसाच्या साहाय्याने त्या जुळवून दाखविल्या. आज आपल्या शिलाई यंत्राचा किंवा सायकलचा सुटा भाग दुकानात मिळतो आणि जागच्या जागी बसतो, त्या पद्धतीची पाळेमुळे अशा शस्त्रशाळांत आहेत. कानशीची गरज उरू नये, हाच त्या पद्धतीचा सारा अभिमान होता.

परंतु ही एकरूपता प्रत्येक कारखान्याच्या कुंपणाशी थांबली. 1855 साली रॉलिन व्हाइट याने आरपार भोके पाडलेल्या चक्राचे पेटंट मिळविले. हा मनुष्य पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात काम करीत असे, पण हक्क घेतले स्मिथ आणि वेसन यांनी, आणि 1869 पर्यंत कोल्टला तसे चक्र करता आले नाही. शंभरांहून अधिक वर्षांनी त्या दोन घराण्यांना एकत्र आणावयास कारखान्यांनी हद्दपार केलेली कानसच उपयोगी पडली. पुढे 1980 च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने स्वतःच पूर्ण जाड नळीचे नवे रिव्हॉल्वर काढले, पोलिसांनीही हळूहळू स्वयंचलित पिस्तुले पत्करली, आणि असल्या कामाची मागणी ओसरली.

आता कायद्याविषयी, कारण या देशाचा स्वभाव तेथेच उमगतो. 1968 च्या संघीय कायद्याप्रमाणे हत्याराचा सांगाडा म्हणजेच हत्यार. अनुक्रमांक त्याच्यावर, दुकानदाराच्या दप्तरी नोंद त्याची, खरेदीदाराची पूर्वचौकशी त्याच्यापायी. नळी, चक्र, दस्ता हे संघीय कायद्याच्या दृष्टीने निव्वळ लोखंड-लाकूड, जे टपालानेही मागविता येते. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या संज्ञेतच सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री अंतर्भूत आहे, आणि कलम 5 अन्वये परवान्यावाचून निर्मितीच काय, दुरुस्तीचा वा फेरबदलाचा धंदाही करता येत नाही. मला त्या कारागिराच्या हातांविषयी नितांत आदर वाटतो, तरीही आपल्या कायद्याची व्याख्या अधिक शहाणपणाची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. सांगाडाच अर्धवट बनवून विकला म्हणजे तो सांगाडा ठरत नाही, या पळवाटेने येथे बिनक्रमांकी हत्यारांचा सुळसुळाट झाला. 2022 साली सरकारला त्यासाठी खास नियम करावा लागला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2025 च्या मार्चमध्ये उचलून धरला.

निघताना मी त्या रिव्हॉल्वरचा कागद पाहावयास मागितला. त्यावर सांगाड्याचा अनुक्रमांक होता, गोळीचे माप होते आणि निर्मात्याच्या रकान्यात स्मिथ अँड वेसन होते. ज्या नळीसाठी एवढा खटाटोप झाला, ती घडविणाऱ्या कोल्टचे नाव कागदावर कोठेच नव्हते.