पोटातल्या चरबीची शिदोरी

बरेच कर्करोग रक्तातून दूरवर पसरतात. अंडाशयाचा मात्र मुख्यतः पोटाच्या पोकळीतच फिरतो. सुटलेल्या पेशींचे पुंजके तिथल्या द्रवात तरंगतात आणि आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या थरावर, ओमेंटमवर, जाऊन बसतात. तिथेच का? २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अर्न्स्ट लेंगयेल यांच्या गटाने दाखवलं, की तिथल्या चरबीपेशी इंटरल्यूकिन-८ सारखे रेणू सोडून कर्करोगाच्या पेशींना ओढून घेतात, वर मेदाम्लंही पुरवतात. ही ने-आण करायला एफएबीपी४ हे प्रथिन लागतं. ते नसलेल्या उंदरांत गाठी फारच कमी वाढल्या. अडीअडचणीसाठी साठवलेली शिदोरी अशी शत्रूच्या हाती पडते, हे मला फार अस्वस्थ करतं.

पोट सतत फुगत असेल, दोन घासांतच भरत असेल, तर गॅस म्हणून सोडून देऊ नका; हे अंडाशयाच्या कर्करोगाचं लक्षणही असू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.