दोन नावे, एकच यादी

पायथनमध्ये चल आधी जाहीर करावा लागत नाही; किंमत दिली की तो तयार होतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत एका ओळीत अनेक चलांना किंमती देता येतात. पायथन ३पासून चलांची नावे देवनागरीतही चालतात.

शाळेच्या हजेरीसाठी दोन रिकाम्या याद्या हव्या आहेत. नवशिका लिहितो:

हजर = गैरहजर = []

चूक इथेच होते. यादी एकच तयार झाली, तिला नावे मात्र दोन मिळाली. हजर यादीत एक विद्यार्थी घातला, की तो गैरहजर यादीतही दिसतो! कारण पायथनमधले नाव हे डबा नसून डब्यावर लावलेली चिठ्ठी आहे. एका डब्यावर दोन चिठ्ठ्या लावता येतात.

संख्येबाबत हा धोका नाही. संख्या जागच्या जागी बदलत नाही. बेरीज करून किंमत पुन्हा दिली, की नाव नव्या संख्येला जोडले जाते.

याद्यांसाठी योग्य ओळ अशी:

हजर, गैरहजर = [], []

इथे प्रत्येक कंसजोडी स्वतंत्र यादी घडवते. पायथन शिकणाऱ्याने हा फरक पहिल्याच आठवड्यात स्वतः करून पाहावा. पुढचे कित्येक तास वाचतील.