किराळ आणि श्वसन-एंझाइमाचे क्रियास्थान

धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण असून ज्वारी हे येथील जुने पीक आहे. तिच्यापासून माणसास धान्य व जनावरास कडबा मिळतो. परंतु तीच ज्वारी कोवळी असताना, किंवा पावसाने ताण दिल्यावर तिला नवी फूट आली असता, गुरांनी वा शेळ्यांनी खाल्ली तर घातक ठरते. यास शेतकरी ‘किराळ लागणे’ म्हणतात. धडधाकट जनावर धापा टाकू लागते, थरथरते, कोसळते आणि पुष्कळदा तासाभरात दगावते. विशेष हे की, त्याचे रक्त लालभडक असते. रक्तात प्राणवायू असूनही जनावर गुदमरते, ते का?

कोवळ्या ज्वारीत ‘धुरिन’ नावाचे द्रव्य असते. डन्स्टन व हेन्री यांनी 1902 साली ते वेगळे केले; ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचे हे नाव पडले. पाने चावली जाताच धुरिनाचे विघटन होऊन हायड्रोसायनिक अम्ल सुटते. त्यातील सायनाइड रक्तावाटे पेशींत पोहोचते व तेथील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमास निकामी करते. प्राणवायूचे पाण्यात रूपांतर घडविण्याचे काम याच एंझाइमाचे. ते थांबले की रक्तातील प्राणवायू पेशींना वापरता येत नाही.

एंझाइमाचा रेणू हजारो अणूंचा असतो. प्रत्यक्ष रासायनिक क्रिया मात्र त्यातील एका लहानशा जागी घडते. या जागेस क्रियास्थान म्हणतात. ते शोधण्याचा पहिला मार्ग विषांनीच दाखविला. कार्बन मोनॉक्साइडने यीस्टचे श्वसन मंदावते, पण प्रकाश पडताच पूर्ववत होऊ लागते, हे ओटो वारबुर्ग यांनी पाहिले. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परिणामकारक ठरतो, हे मोजून त्यांनी एंझाइम शुद्ध स्वरूपात हाती नसतानाही त्याचा शोषणपट मिळविला. तो रक्तातील हीमसारख्या लोहयुक्त द्रव्याचा निघाला. या संशोधनास 1931 चे नोबेल पारितोषिक लाभले.

तथापि एखादे विष जेथे चिकटते तीच कार्याची जागा, असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. दूर बसूनही ते रेणूचा आकार बिघडवू शकते. म्हणून स्वतंत्र पुरावा लागतो. भाषाशास्त्रात शब्दातील एकच ध्वनी बदलून अर्थ बदलतो का, हे पाहतात. तशीच रीत येथेही उपयोगी पडली. जिवाणूंच्या अशाच एंझाइमांतील एकेक हिस्टिडिन बदलून कोणत्या बदलाने कार्य थांबते, हे तपासण्यात आले. पुढे 1995 साली जपानी संशोधकांनी गुरांच्या हृदयातील एंझाइमाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. तीत हीम-ए3 मधील लोह व त्यासमोर तीन हिस्टिडिनांनी धरलेले तांबे, असे धातूंचे जोडस्थान स्पष्ट दिसले. प्राणवायू येथेच बांधला जातो आणि सायनाइडही येथील लोहालाच जखडते. प्रकाश, बदल व स्फटिक या तिन्ही पुराव्यांनी एकाच जागेकडे बोट दाखविले.

उपचाराचे मर्मही याच ज्ञानात आहे. सोडियम नायट्राइटमुळे काही हिमोग्लोबिनातील लोह सायनाइडास आकर्षित करणाऱ्या अवस्थेत जाते आणि सायनाइड एंझाइमास सोडून तिकडे ओढले जाते. मग सोडियम थायोसल्फेटच्या साहाय्याने त्याचे थायोसायनेट होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. ही औषधे पशुवैद्यकानेच शिरेतून, प्रमाण पाहून द्यावयाची असतात, आणि वेळ फार थोडा असतो.

म्हणून प्रतिबंधच श्रेयस्कर. फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत जनावरे सोडू नयेत. दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात, चाऱ्याची टंचाई असताना, शेतातली हिरवी फूट अधिकच मोहात पाडते. धोकाही त्याच वेळी सर्वाधिक असतो.