गहाण पडलेलं सुवर्णपदक

अडीनडीला सोनं गहाण ठेवायची वेळ आपल्यापैकी कितीतरी जणींवर येते. पण ऑलिंपिकचं सुवर्णपदक गहाण? अमेरिकेची फुटबॉल गोलरक्षक ब्रियाना स्करी हिच्यावर ती वेळ आली.

१९९६ आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवलं. १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चीनची पेनल्टी तिनेच अडवली आणि अमेरिका जिंकली. २०१० मध्ये मात्र एका व्यावसायिक सामन्यात समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर आदळला आणि खेळ कायमचा सुटला. सततची डोकेदुखी, विसराळूपणा, नैराश्य, अगदी जीव द्यायचेही विचार. बाहेरून मात्र जखम दिसेना! उपचारांच्या खर्चावरून विमा कंपनीशी भांडण, हातात पैसा नाही. शेवटी दोन्ही पदकं गहाण पडली.

२०१३ मध्ये डोक्याच्या मागच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली. ती सावरली, पदकंही सोडवली आणि मेंदूच्या दुखापतीबद्दल जाहीरपणे बोलू लागली.

मैत्रिणींनो, घरातली बाई ‘डोकं फार दुखतंय’ म्हणाली, की ‘नाटकं करते’ म्हणून आपण मोकळे होतो. डोक्याला मार लागला असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवाच. न दिसणारी जखमही जखमच असते.