कॅमेरा, अंकीय एकभिंगी परावर्ती

दृश्य पाहण्यासाठी व प्रतिमा टिपण्यासाठी एकच भिंग वापरणारा आणि फिल्मच्या जागी प्रकाशसंवेदी अर्धसंवाहक पटल (संवेदक) असलेला कॅमेरा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘डीएसएलआर’ या नावाने ओळखला जातो. भिंगातून आलेला प्रकाश ४५° कोनात बसविलेल्या आरशावरून वर वळून दृश्यदर्शकात पोहोचतो. कळ दाबताच आरसा उचलला जातो, झडप उघडते व प्रतिमा संवेदकावर पडते. महाग कॅमेऱ्यांत दृश्यदर्शकासाठी काचेचा भरीव लोलक असतो, तर स्वस्त कॅमेऱ्यांत आरशांची पोकळ रचना असते. तीमुळे वजन व किंमत घटते. पण दृश्य लहान व काहीसे अंधुक दिसते.

कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये निकॉन एफ३ या कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर सुमारे १३ लक्ष चित्रबिंदूंचा असा कॅमेरा विक्रीस आणला. तो सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचा होता. कॅननच्या ईओएस ३००डी (२००३) या प्रतिमानाची किंमत १,००० डॉलरच्या खाली आली आणि हौशी छायाचित्रकारांना हा प्रकार खुला झाला.

अशा कॅमेऱ्याची पारख पैठणच्या नाथसागरावर चांगली होते. जायकवाडी धरणाच्या या जलाशयाचा परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात येथे रोहित, पट्टकादंब, चक्रवाक इ. पक्षी येतात. ईओएस १५००डी (२०१८) या स्वस्त प्रतिमानाचा संवेदक २२.३ × १४.९ मिमी. असून त्यावर सुमारे २.४१ कोटी चित्रबिंदू आहेत. संवेदक लहान असल्याने २५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाचे दृश्यक्षेत्र पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावरील ४०० मिमी. भिंगाइतके अरुंद होते. तरीही १५० मी. अंतरावरील १.२ मी. उंचीच्या रोहिताची प्रतिमा २ मिमी. एवढीच भरते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा जेमतेम सातवा भाग. पक्षी ओळखण्यास तेवढी पुरते, पिसांचा पोत दाखविण्यास नाही. अंतर तोडण्यासाठी होडी थव्यात घालण्याचा मोह येथेच होतो. त्याने थवा उठतो, पक्ष्यांचे चरणे थांबते आणि हाती येतात ती केवळ पाठमोरी छायाचित्रे. एका जागी स्थिर बसून पक्षी आपण होऊन जवळ येण्याची वाट पाहणे अधिक फलदायी ठरते. दुपारी तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे तपशील विरतो. त्यावर महाग भिंगाचाही इलाज नाही.

उडत्या पक्ष्यासाठी उद्भासन काल सु. १/१,००० सेकंद किंवा त्याहून कमी लागतो. पहाटेच्या मंद प्रकाशात त्यासाठी संवेदनक्षमता वाढवावी लागते व चित्रात कण उमटतात. सेकंदाला तीन चित्रांची गती व नऊ केंद्रण बिंदू ही या प्रतिमानाची खरी उणीव येथे जाणवते. चकाकत्या पाण्यामुळे प्रकाशमापक फसतो व पक्षी काळवंडतो, म्हणून उद्भासन हाताने वाढवावे लागते.

पैठणीच्या मागावर मात्र हाच कॅमेरा महागड्यांच्या बरोबरीने उतरतो. तिवईवर, कमी संवेदनक्षमतेत टिपलेल्या पदराच्या चित्रांत फरक ओळखणे अवघड असते. खिडकीतला उजेड व नळीदिवा एकत्र आल्यास जरीचा रंग बिघडतो. शिवाय दाट विणीच्या धाग्यांचा संवेदकाच्या जाळीशी मेळ बसून चित्रात खोट्या लहरी उमटू शकतात. कॅमेऱ्याचे अंतर थोडे बदलल्यास त्या बहुधा जातात.

अलीकडे उत्पादकांचा कल आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळल्याने वापरलेले परावर्ती कॅमेरे स्वस्तात मिळतात. ते घेताना भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवून निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे; संवेदकावरील धूळ व डाग त्यात स्पष्ट दिसतात. [⟶ छायाचित्रण].